शोरूममध्ये भाव करायचा, पण आधी कोणाशी?



आज पापड-कुरडया नाहीत, पर्युषणातले पारणेही नाही. आज गाडीच्या शोरूमबद्दल लिहिते आहे. साध्या गाडीच्याही नाही, तर आपल्या मुलांच्या मोबाइलवर जिची चित्रे असतात त्या स्पोर्ट्स कारच्या शोरूमबद्दल. 'हा काय बायकांचा विषय आहे का?' असे जिला वाटेल, तिने आधी वाचावे, कारण मी तिच्यासाठीच लिहिते आहे.

आपले जालना बदलले आहे. बियाणे, लोखंडाच्या सळया, मोसंबी आणि मोंढा यांवर उभे राहिलेले हे गाव. आपल्या सासऱ्यांच्या पिढीने सायकलवर आणि मग स्कूटरवर धंदा केला. आता समृद्धी महामार्ग दारातून जातो, संभाजीनगर तासाभरावर आले आहे आणि महागड्या गाड्यांचे शोरूम तिथे आहेत. स्थानकात व्याख्यानानंतर चपला शोधता शोधता कानावर येते, 'आमच्या याला ती दोन दारांची हवी आहे', 'आमचा म्हणतो, बीएमडब्ल्यूच, दुसरी नाही'. मुलगा हट्ट करतो, वडील आधी नाही म्हणतात आणि मग एका रविवारी सगळे पुरुष मिळून जाऊन बुकिंग करून येतात. आपल्याला कळते ते पेढे वाटायची वेळ आली की.

माझे मत सुरुवातीलाच सांगते. गाडी घ्यायची की नाही, हे ज्याच्या त्याच्या घराने ठरवावे. पण घ्यायची ठरली, तर सौद्याच्या टेबलाशी घरातली बाई बसली पाहिजे. सौदा घासाघीस करून व्हावा, पण खोटे न बोलता व्हावा. आणि सगळ्यात पहिली घासाघीस डीलरशी नाही, स्वतःच्या हौसेशी व्हावी.

एकत्र सौदा करण्याची आपली जुनी सवय

भाव करणे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. गहू घेताना, लग्नाचा बस्ता बांधताना, सोनाराकडे घडणावळ ठरवताना आपल्या सासूबाई कशा बोलायच्या ते आपण पाहिले आहे. चार घरांनी मिळून घेतले की भाव उतरतो, हेही आपल्याला माहीत आहे.

हेच तत्त्व गाड्यांना लावले तेव्हा सगळ्या देशात बातमी झाली, आणि ती आपल्या शेजारची होती. ऑक्टोबर २०१० मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत व्यापारी, उद्योजक, डॉक्टर असे लोक एकत्र आले आणि त्यांनी दीडशे मर्सिडीज गाड्यांचा एकत्र सौदा केला. रक्कम सुमारे ६५ कोटी. काही महिन्यांनी बीएमडब्ल्यूसाठीही तसाच गट जमला. मराठवाड्याला मागास म्हणणाऱ्यांना उत्तर मिळाले, असे खूप जणांना वाटले.

पण त्या बातमीला दुसरी बाजू होती आणि ती पत्रकार पी. साईनाथ यांनी लिहिली. त्या गाड्यांसाठी स्टेट बँकेने चाळीस कोटींच्या वर कर्ज दिले, तेही सुमारे ७ टक्के व्याजाने. त्याच काळात ट्रॅक्टर घेणाऱ्या शेतकऱ्याला १२ टक्क्यांच्या आसपास व्याज पडत होते. ज्याच्या हातात शंभर जणांचा गट, त्याला स्वस्त पैसा. जो एकटा, त्याला महाग. मला त्या घटनेतून दोन गोष्टी दिसतात. एक म्हणजे एकीची ताकद खरी आहे. दुसरी म्हणजे ती ताकद कशासाठी वापरायची हा प्रश्न त्याहून मोठा आहे.

२०२५ मध्ये तर हे आपल्या समाजाच्याच नावाने झाले. 'जितो', म्हणजे जैन इंटरनॅशनल ट्रेड ऑर्गनायझेशन, या संस्थेने देशभरातल्या सदस्यांसाठी १८६ महागड्या गाड्यांचा एकत्र सौदा केला. वेगवेगळ्या पंधरा ब्रँडच्या, मिळून सुमारे १४९ कोटींच्या गाड्या. सवलत मिळाली सुमारे २१ कोटींची. हिशेब केला तर एका गाडीमागे सरासरी ११ लाखांच्या वर. संस्थेने त्यात स्वतःसाठी काही ठेवले नाही. व्यवहार म्हणून बघितले तर कौतुकच करावे असा.

आमच्या घरात ही बातमी वाचून एकजण म्हणाला, 'बघा, ११ लाख वाचवले!' मी विचारले, 'ज्याला गाडी घ्यायचीच नव्हती, त्याचे किती वाचले?' सगळे हसले, पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ८० लाखांची गाडी ६९ लाखांना मिळाली आणि आपल्याला खरी गरज २० लाखांच्या गाडीची होती, तर ११ लाख वाचले नाहीत, ४९ लाख जास्तीचे गेले. सवलत दाखवून जास्त खर्च करायला लावणे ही बाजाराची जुनी रीत आहे. साडीच्या सेलमध्ये आपण ती ओळखतो. शोरूममध्येही ओळखता आली पाहिजे.

त्याच सुमारास गुजरातमधल्या भरवाड समाजाच्या तरुणांनी एकत्र येऊन १२१ जेसीबी यंत्रे घेतली आणि सुमारे ४ कोटी वाचवले, हेही छापून आले होते. मला ते जास्त आवडले. जेसीबी सकाळी घराबाहेर पडते आणि संध्याकाळी पैसे घेऊन येते. स्पोर्ट्स कार सकाळी बाहेर पडते आणि पेट्रोल पिऊन येते.

कागद मागा, आकडे वेगळे करा

आता कामाचे. आमच्या पुतण्यासाठी गाडी बघायला आम्ही संभाजीनगरच्या एका शोरूममध्ये गेलो होतो. भाऊजी, पुतण्या, हे आणि मी. विक्री करणारा मुलगा तिघा पुरुषांशी बोलत होता. इंजिन, वेग, किती सेकंदांत शंभर. माझ्यासमोर कॉफी ठेवली आणि म्हणाला, 'मॅडम, रंग तुम्ही निवडा.' मी म्हटले, 'रंग नंतर. आधी सगळे आकडे एका कागदावर, एकाखाली एक लिहून दे, बेटा.'

मैत्रिणींनो, सगळी गोष्ट त्या एका कागदात आहे. 'ऑन रोड' म्हणून एकच मोठा आकडा सांगितला जातो आणि मग 'तुमच्यासाठी दोन लाख कमी' असे म्हटले जाते. कशातून कमी केले ते कळत नाही. आकडे सुटे केले की कळते कुठे भाव होतो आणि कुठे होत नाही.

गाडीची शोरूम किंमत ही पहिली ओळ. त्यात जीएसटी आलेला असतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या आणि महागड्या गाड्यांवर ४० टक्के जीएसटी आहे. त्याआधी २८ टक्के जीएसटी आणि वर उपकर असे मिळून हा भार ५० टक्क्यांपर्यंत जायचा. म्हणजे किंमत सरकारने कमी केली. ती घट 'आमची खास सवलत' म्हणून कोणी सांगत असेल, तर हसून म्हणावे, 'हे तर दिल्लीने दिले, तुम्ही काय देता?' आणि आपल्या व्यापारी घरांसाठी एक गोष्ट. दुकानासाठी घेतली म्हणून साध्या मोटारीच्या जीएसटीचे क्रेडिट मिळत नाही. 'क्रेडिट मिळेल, गाडी फुकटातच पडेल' असे कोणी सांगितले, तर सीएला फोन लावावा.

दुसरी ओळ आरटीओच्या कराची. महाराष्ट्रात भारतात जोडलेल्या, २० लाखांवरच्या पेट्रोल गाडीला व्यक्तीच्या नावावर १३ टक्के कर पडतो. ८० लाखांच्या गाडीला १० लाख ४० हजार. तीच गाडी कंपनीच्या नावावर घेतली तर २० टक्के, म्हणजे १६ लाख. साडेपाच लाखांवर फरक फक्त नावामुळे. १ जुलै २०२५ पासून या कराची कमाल मर्यादा २० लाखांवरून ३० लाख झाली आहे. या ओळीत डीलरशी भाव होत नाही, पण गाडी कोणाच्या नावावर घ्यायची हे ठरवणे आपल्या हातात आहे. नंबरचेही तसेच. एमएच २१ मध्ये ०००१ हवा असेल, तर सरकारी शुल्कच ५ लाखांचे आहे. तेवढ्यात एका मुलीचे शिक्षण होते, एवढेच म्हणते.

तिसरी ओळ एक टक्का टीसीएस. १० लाखांवरच्या गाडीवर डीलर तो घेतो आणि आपल्या पॅनवर सरकारात भरतो. तो पैसा आपलाच असतो, आयकर विवरण भरताना जमेला धरता येतो. ८० लाखांवर ८० हजार होतात. मला ठाऊक असलेल्या दोन घरांत ही रक्कम कोणी सीएला सांगितलीच नव्हती.

चौथी ओळ विम्याची, आणि इथे खरा भाव होतो. विमा शोरूममधूनच घेतला पाहिजे अशी सक्ती डीलरला करता येत नाही. बाहेरून दोन-तीन कंपन्यांचे दर काढून न्यायचे आणि टेबलावर ठेवायचे. गाडीची विम्यातली किंमत, म्हणजे आयडीव्ही, दोन्ही कागदांवर सारखी आहे ना ते बघायचे, नाहीतर स्वस्त दिसणारा विमा तोकडा निघतो. नव्या गाडीला तृतीयपक्ष विमा तीन वर्षांचा एकदम घ्यावा लागतो, तो बंधनकारक आहे. जुन्या गाडीवर दावा केला नसेल, तर त्याचा 'नो क्लेम बोनस' नव्या गाडीला लावता येतो, जास्तीत जास्त ५० टक्क्यांपर्यंत. जुनी गाडी विकताना हे पत्र मागून घ्यायचे. विकणारा आपणहून आठवण करून देत नाही.

पाचवी ओळ 'हँडलिंग चार्जेस', 'लॉजिस्टिक', 'डेपो' वगैरे. आमच्या कागदावर १८ हजार लिहिले होते. मी विचारले, 'हे कशाचे?' उत्तर आले, 'गाडी यार्डातून आणायचे, मॅडम.' मी म्हटले, 'गाडी शोरूमला पोचवायचा खर्च शोरूम किमतीत आलेला आहे. सरकारची पावती असेल तर दाखव, देते.' पावती नव्हती. ओळ खोडली गेली.

सहावी ओळ सामानाची. मॅट, पॉलिश, कोटिंग, वाढीव वॉरंटी. यातली वाढीव वॉरंटी महागड्या गाडीला उपयोगी असते, कारण त्यांचे सुटे भाग आपल्याला माहीत असलेल्या भावाचे नसतात. बाकीचे नको म्हणता येते. रोख सवलत जिथे मिळत नाही, तिथे दोन वर्षांची वाढीव वॉरंटी किंवा सर्व्हिसचे पॅकेज मागून बघा. ते द्यायला डीलरला सोपे जाते आणि आपल्या रोज उपयोगाचे असते.

आमच्या कागदावरून विमा, हँडलिंग आणि नको असलेले सामान मिळून एक लाखाच्या वर रक्कम उतरली, आणि गाडीच्या किमतीचा भाव तेव्हा अजून सुरूही झाला नव्हता.

वेळ कोणती, गाडी कोणती

आपल्याला मुहूर्त प्रिय. पाडवा, अक्षय तृतीया, धनतेरस. त्या दिवशी शोरूममध्ये रांग असते आणि रांग असते तिथे भाव होत नाही. गाडी मुहूर्तावर घरी आणायची असली, तरी भाव आधी दीड-दोन महिने करून ठेवावा. महिनाअखेर, तिमाहीअखेर, मार्चअखेर डीलरला ठरलेली संख्या गाठायची असते, तेव्हा त्याला आपली गरज जास्त असते. डिसेंबरात जुन्या वर्षाच्या गाड्या काढायच्या असतात, तेव्हा सवलत मोठी मिळते. पण लक्षात ठेवा, ती गाडी विकताना एक वर्ष जुनी धरली जाते. गाडी केव्हा बनली तो महिना आणि वर्ष विक्री प्रमाणपत्रावर, म्हणजे फॉर्म २१ वर असते. पैसे पूर्ण भरण्याआधी ते विचारा.

स्पोर्ट्स कारचे एक वेगळे गणित आहे. जी गाडी भारतात जोडली जाते आणि यार्डात उभी आहे, तिच्यावर भाव होतो. जी परदेशातून मोजक्या संख्येने येते आणि जिच्यासाठी लोक नाव लावून बसले आहेत, तिच्यावर होत नाही. तिथे डीलरशी हुज्जत घालून उपयोग नाही, थांबायची तयारी हीच आपली ताकद. म्हणून दुसऱ्या शहरातल्या, नाशिकच्या किंवा पुण्याच्या शोरूमचाही लेखी भाव आणावा. आणि बुकिंगचे पैसे परत मिळतील का, किती दिवसांत, हे पावतीवर लिहून घ्यावे. तोंडी शब्दावर मोंढ्यात व्यवहार चालतो, शोरूममध्ये नाही, कारण तिथला माणूस सहा महिन्यांत बदलतो.

आणखी एक. मुलांना ही गाडी वेगासाठी हवी असते. समृद्धीवर मोटारींना १२० ची मर्यादा आहे. गाडी अडीचशेच्या वेगाची असली तरी रस्ता १२० चाच आहे. आणि घराजवळच्या गतिरोधकावर तिचे पोट घासणार. चालवून बघताना शोरूमसमोरच्या गुळगुळीत रस्त्यावर नको, शक्य असेल तर आपल्या गल्लीतून चालवून बघू द्या म्हणावे.

सही आपली असते

हा भाग मी सगळ्यात कळकळीने लिहिते आहे.

कर्जाच्या कागदावर पुष्कळदा सहकर्जदार म्हणून सुनेची किंवा बायकोची सही घेतली जाते. कारण तिच्या नावाने विवरण भरलेले असते, ती भागीदारीत कागदोपत्री असते. 'इथे सही कर' म्हटले की आपण करतो. पण हप्ता थकला तर बँकेच्या लेखी ती रक्कम आपणही देणे लागतो. सिबिल आपलाही बिघडतो. उद्या मुलीच्या शिक्षणासाठी किंवा स्वतःच्या छोट्या व्यवसायासाठी कर्ज मागायला गेलो, की हे समोर येते.

म्हणून सही करण्याआधी व्याजाचा प्रकार विचारा. 'फक्त ७ टक्के' म्हणतात, पण ते 'फ्लॅट' की 'रिड्यूसिंग'? १० लाख, पाच वर्षे, ७ टक्के फ्लॅट असेल तर व्याज होते साडेतीन लाख आणि हप्ता २२,५००. तेच ७ टक्के घटत्या शिलकीवर असेल तर हप्ता सुमारे १९,८०० आणि एकूण व्याज १ लाख ८८ हजारांच्या आसपास. म्हणजे ७ टक्के फ्लॅट हे खरे तर साडेबारा टक्के पडले. १ ऑक्टोबर २०२४ पासून बँकांनी आणि वित्त कंपन्यांनी कर्जाचा वार्षिक खरा दर, सगळे शुल्क आणि अटी एका सारांशपत्रात द्यायच्या आहेत, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. ते पत्र मागा. मुदतीआधी कर्ज फेडले तर दंड किती, तेही त्यात बघा.

आमच्या पुतण्याची बायको, आमची सून, लग्नाला दीड वर्ष झालेले. तिच्यासमोर कागद आले तेव्हा ती माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटले, 'वाच, घाई नाही, आम्ही सगळे बसलो आहोत.' वीस मिनिटे लागली. त्या वीस मिनिटांत तिने एक गोष्ट काढली. गाडीच्या कर्जाबरोबर तिच्या नवऱ्याच्या नावाने एक आयुर्विमाही जोडला होता, जो कोणी मागितला नव्हता. तो काढून टाकला. पुतण्या नंतर म्हणाला, 'काकी, हिला पुढच्या वेळी दुकानाच्या कर्जालाही घेऊन जायला हवे.' मला गाडीपेक्षा त्या वाक्याचा आनंद झाला.

भाव करताना खोटे बोलायचे का?

हा प्रश्न मला एका मैत्रिणीने विचारला. तिचे म्हणणे, खोटे बोलल्याशिवाय सौदा होतच नाही. 'दुसरा दोन लाख कमीने देतो आहे' असे म्हणायचे, दिले नसले तरी.

मला हे पटत नाही. आपल्या श्रावकाच्या अणुव्रतांत सत्य आहे आणि ते फक्त स्थानकातल्या सामायिकाच्या दोन घटकांसाठी नाही. शिवाय व्यवहारातही खोटे महाग पडते. डीलर एका फोनवर खात्री करतो आणि मग आपले खरेही खोटे ठरते. खरे बोलून भाव होतो. 'आमची मर्यादा इतकी आहे, याच्यावर आम्ही जाणार नाही' हे वाक्य खरे असेल तर त्याच्याइतके जोरदार दुसरे काही नाही. ते म्हणता येण्यासाठी मर्यादा घरून ठरवून निघावे लागते. तिथेच तर बहुतेकांची गाडी अडते. आणि उठून यायची तयारी हवी. बोलायचे नसेल तर गप्प बसावे. मौनाचा आपल्याला सराव आहे, तो इथेही कामी येतो.

रोखीचेही तसेच. 'थोडे रोख द्या, बिल कमी करू' असे कुठे ऐकू आले, तर तिथून निघावे. एका व्यवहारात २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणे कायद्याने बंद आहे, एप्रिल २०१७ पासून. ऑगस्ट २०२२ मध्ये आयकर खात्याची माणसे लग्नाच्या वऱ्हाडाचे स्टिकर लावलेल्या गाड्यांतून जालन्यात आली होती, ती आठवण गावात अजून ताजी आहे. पण भीती बाजूला ठेवली तरी, राज्याच्या नियमाविरुद्ध व्यवहार करणे हा आपल्या अचौर्य अणुव्रताचा अतिचार सांगितला आहे. प्रतिक्रमणात तो शब्द उच्चारायचा आणि शोरूममध्ये विसरायचा, हे बरोबर नाही.

त्या विकणाऱ्या मुलाचाही विचार करा. त्याचा पगार थोडा, बाकी विक्रीवर. भाव कंपनीशी आणि मालकाशी करायचा असतो, त्याला हिणवायचा नसतो. चार शनिवार त्याला फिरवून, चहा पिऊन, शेवटी त्याच्याच कोटेशनवर दुसरीकडून पाच हजारांसाठी गाडी घेणे मला बरे वाटत नाही.

सीट कशाची आहे?

आपण चामड्याची पर्स घेत नाही, बूट बघून घेतो, रेशमाचाही विचार करतो. आणि मग गाडी अशी घेतो की जिच्या सीटला, स्टिअरिंगला, गिअरच्या मुठीला चामडे लावलेले. महागड्या आणि स्पोर्ट्स गाड्यांत हे सर्रास असते. मी त्या मुलाला विचारले तेव्हा त्याला माहीत नव्हते. आत जाऊन विचारून आला. म्हणाला, 'सीट कृत्रिम आहे, स्टिअरिंग खऱ्या चामड्याचे आहे.'

नावांवरून फसू नका. मर्सिडीजमध्ये 'आर्टिको' म्हणतात ते कृत्रिम असते. बीएमडब्ल्यूत 'सेन्सटेक' आणि 'वेगान्झा' हे कृत्रिम. 'नापा' किंवा नुसते 'लेदर' लिहिले असेल तर सहसा ते खरे चामडे. माहितीपत्रकावर बोट ठेवून सीट, स्टिअरिंग आणि दाराची पट्टी, तिन्ही वेगवेगळे विचारा आणि उत्तर लिहून घ्या. इतके लोक एकत्र येऊन २१ कोटींची सवलत मिळवू शकतात, तर 'आम्हाला एकाही गाडीत चामडे नको' अशी अट घालणे त्यांना जमण्यासारखे आहे. दहा जैन घरांनी एका डीलरला हे सांगितले, तर अकराव्याला विचारावे लागणार नाही. माझ्या दृष्टीने समाजाच्या नावाने सौदा करायचा तर त्याचा हा अर्थ असायला हवा. नाहीतर समाजाचे नाव फक्त संख्या भरण्यापुरते राहते.

पहिली घासाघीस

रोज सकाळी चौदा नियम घेणाऱ्या आपल्यातल्या कितीतरी जणी आहेत. त्यात 'वाहन' हा एक नियम आहे. आज किती वाहनांत बसेन, याची मर्यादा. आपल्या पूर्वजांनी बैलगाडीच्या काळात हा शब्द त्यात ठेवला, याचे मला नेहमी नवल वाटते. वस्तू जवळ असणे हा एक भाग, तिच्यात जीव अडकणे हा खरा परिग्रह, असे महाराजसाहेब सांगतात. गाडीला ओरखडा पडला म्हणून ड्रायव्हरवर हात उगारणारा माणूस आपण पाहिला असेल, तर हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

आमच्या सासऱ्यांनी परिग्रह परिमाण घेतले होते. डायरीत लिहिलेले होते, 'वाहन : दोन'. त्यांच्या पश्चातही आमच्या घरात तोच आकडा पाळतात. म्हणून पुतण्याच्या गाडीच्या वेळी प्रश्न आला तो असा, की नवी आली तर जुन्यातली कोणती जाणार? त्याला त्याच्या वडिलांची जुनी गाडी सोडवेना, आजोबांना तीतूनच दवाखान्यात नेले होते. शेवटी त्याने स्वतःच ठरवले की दोन दारांची नको, आई-आजी बसू शकतील अशी घेऊ. पैसे निम्म्याच्या आसपास लागले. मी किंवा घरातल्या कोणीही उपदेश केला नाही. मर्यादेचा आकडा आधी लिहिलेला होता, एवढेच.

माझे आपल्या महिला मंडळांना एक सांगणे आहे. एकत्र सौद्याची ही ताकद पुरुषांच्या गाड्यांपुरती ठेवू नका. जालन्यात आपली कितीतरी घरे आहेत. पन्नास घरांनी मिळून छतावरच्या सौर पॅनेलचा भाव केला तर? कॉलेजला जाणाऱ्या मुलींच्या स्कूटींचा केला तर? ज्या बहिणींचे घर एकट्या शिवणयंत्रावर चालते, त्यांच्यासाठी वीस यंत्रे एकदम घेतली तर? कंपनी तीच, हिशेब तोच, टेबलाशी बसायचे धाडसही तेच. गुरू गणेश तपोधामला दर्शनाला आलो की आपण पन्नास-पन्नास जणी सहज जमतो. त्या दिवशी अर्धा तास यावर बोलू या. कोणत्या वस्तूपासून सुरुवात करायची ते तुम्ही सुचवा, डीलरांचे लेखी भाव आणायचे काम मी करते.

आणि तुमच्या घरात आत्ता गाडीची बोलणी चालू असतील, तर येत्या रविवारी पुरुषमंडळींबरोबर निघा. सोबत वही न्या.

जय जिनेंद्र.